भाऊंनी चार्ज द्यावा

नागपुरातल्या आमच्या प्रभागाचे माजी नगरसेवक भाऊ यांनी मागच्या पंधरवड्यात जाहीर केलं, की महिनाअखेर जनसंपर्क कार्यालय बंद करतो, पक्षाचं पद सोडतो आणि यापुढे कुठल्याही निवडणुकीला उभा राहणार नाही. १९९७ ते २०१७ अशा ओळीने महापालिकेच्या पाच निवडणुका जिंकलेला माणूस. मध्ये एकदा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला तर शेजारच्या वॉर्डातून उभे राहिले आणि तिथूनही आले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत त्यांनी अर्जच भरला नाही, तेव्हा लोकांना वाटलं तिकीट कापलं असेल, पुढच्या खेपेला येतील. तसं नव्हतं, हे आता कळलं. तेव्हापासून चौकातल्या तर्री-पोह्याच्या ठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हाच विषय आहे, आणि ज्या रीतीने तो चघळला जातो आहे ते ऐकून गप्प बसवत नाही.

लोकांत तीन गट पडले आहेत. एक म्हणतो, केवढा हा त्याग, आजच्या काळात खुर्ची कोण सोडतं? दुसरा म्हणतो, पळ काढला. ज्यांनी पाच वेळा निवडून दिलं त्यांना वाऱ्यावर सोडलं. तिसरा म्हणतो, पोराला आणायची तयारी चालली आहे, नाहीतर कुठली तरी जुनी फाइल वर आली असणार. भांडण मोठं असलं तरी तिघांचा मुद्दा एकच आहे, भाऊंच्या मनात काय आहे? माणसाच्या मनातलं त्याच्या घरच्यांनाही पुरतं कळत नाही, ते आपण पोह्याच्या ठेल्यावर कसं ठरवणार? माझं म्हणणं असं, की पद सोडणं हा त्या पदाच्या कामाचाच शेवटचा भाग आहे. रस्ता जसा चांगला किंवा वाईट बांधता येतो, तसंच पदही चांगलं किंवा वाईट सोडता येतं. भाऊ का जाताहेत यावरून त्यांना जोखू नका. काय सोपवून जाताहेत ते बघा.

मी टपाल खात्यात ३१ वर्षं काढली. तिथे बदली झाली की चार्ज द्यावा लागे. येणारा माणूस समोर बसे, रोकड मोजली जाई, तिकिटं मोजली जात, तारखेचा शिक्का आणि तिजोरीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या जात, वाटपाला राहिलेल्या रजिस्टर पत्रांची यादी वाचली जाई आणि मग चार्ज रिपोर्टवर दोघांच्या सह्या होत. किल्ली देऊन झाल्यावर जुना पोस्टमास्तर त्या खुर्चीवर बसत नसे, पाहुण्यासारखा बाकावर बसून चहा घेई. खेड्यातल्या दोन खोल्यांच्या पोस्टालाही हा नियम होता. तलाठी बदलला तरी दप्तर सोपवतो. मग हजारो माणसांचं पाणी, गडर लाइन, रस्ते आणि अडीअडचणी ज्याच्या हातात वीस-पंचवीस वर्षं राहिल्या, त्याने निघताना काहीच सोपवायचं नाही? त्याला हार घालायचा किंवा नावं ठेवायची, एवढंच आपल्याला सुचतं?

भाऊंनी जाऊ नये असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. त्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं अनुभवाबद्दल आहे. आयुक्त दोन-तीन वर्षांत बदलतो, झोनचा अभियंता बदलतो, कंत्राटदार तर प्रत्येक कामाला नवा. या सगळ्या येण्याजाण्यात जागेवर राहतो तो जुना नगरसेवक. कोणती लाइन कधी टाकली, कोणत्या प्लॉटचा वाद कोर्टात आहे, कोणता नाला नकाशात सरळ आणि जमिनीवर वाकडा आहे, हे त्यालाच ठाऊक असतं. हे मी नाकारत नाही, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. आमच्या गल्लीत ते गुडघ्याच्या वर चढलं होतं. महापालिकेचं सभागृह मुदत संपून दीड वर्ष झालेलं, म्हणजे नगरसेवक असा कोणी नव्हताच. तरी लोकांनी फोन भाऊंनाच केले. ते हातात टॉर्च घेऊन आले आणि गल्लीच्या टोकाच्या भिंतीपाशी थांबले. ती भिंत त्यांच्याच काळात बांधलेली होती. तिच्या पायाशी पाणी जायला एक जाळी ठेवली होती आणि तिच्यावर आता बेशरमाची झुडपं माजलेली. भाऊंनी अंधारात पावलं मोजली, बोट दाखवलं, दोन पोरांनी सब्बल घालून जाळी उचकटली. अर्ध्या तासात पाणी ओसरायला लागलं. त्या रात्री आमच्यापैकी प्रत्येकाला वाटलं, की हा माणूस नसता तर आपलं काय झालं असतं.

तेच वाक्य मी पुढे कित्येक दिवस मनात उलटंपालटं केलं. हा माणूस नसता तर? भाऊ त्या आठवड्यात मुलीकडे पुण्याला गेले असते तर? भिंतीखाली जाळी आहे ही माहिती गल्लीतल्या एकाही घरात नव्हती, आणि कोणत्याही कागदावर असलीच तर त्या रात्री हाताशी नव्हती. ती ६६ वर्षांच्या एका माणसाच्या डोक्यात होती. याला आपण अनुभव म्हणतो, आणि तो अनुभव आहेच. पण ज्या अनुभवाला दुसरी प्रत नाही तो वस्तीच्या कामाचा किती दिवस? भाऊ आणखी दहा वर्षं राहिले तर ही अडचण दहा वर्षांनी पुढे जाईल आणि दहा वर्षांनी मोठी होईल, एवढंच. अनुभवाचा मुद्दा खरा आहे म्हणून भाऊंनी थांबावं असं ठरत नाही. धडधाकट आहेत तोवर, समोर बसून सांगता येतं तोवर त्यांनी निघावं, असंच त्यातून निघतं.

दुसरा मुद्दा मतदारांच्या हक्काचा. लोकांना हवा आहे तोवर माणूस राहील, नको झाला की पाडतील. लोकशाहीने निवृत्तीचं वय मतपेटीत ठेवलंय, मग वर्षांची गणितं कशाला? तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. कायद्याने मुदती घालाव्यात असं मी म्हणतही नाही. पण मतपेटीत निवड करायला समोर माणसं लागतात, आणि ती उभी राहू द्यायची की नाही हे जुन्या नेत्याच्या हातात असतं. २०१७ मध्ये आपल्याकडे चार सदस्यांचे प्रभाग झाले. ३८ प्रभाग, १५१ जागा. आमच्या प्रभागात भाऊंबरोबर तिघे निवडून आले. त्यांत दोन महिला होत्या, कारण निम्म्या जागा महिलांना हा २०११ पासूनचा कायदा आहे. पाच वर्षांत त्या दोघींना मी वस्तीच्या बैठकीत उभं राहून बोलताना ऐकलं नाही. त्या भाऊंच्या मागे फोटोत होत्या. तक्रार त्यांच्याकडे नेली की त्या म्हणायच्या, भाऊंना सांगते. त्या कमी हुशार होत्या म्हणून? एक शिक्षिका होती, एक बचत गटाचा हिशेब पैशाला पैसा जुळवून ठेवणारी. त्यांना कोणी पाण्याच्या व्हॉल्व्हची किल्ली हातात दिली नाही, झोनच्या मीटिंगला एकटं पाठवलं नाही. आणि आम्ही? आम्हीही थेट त्यांच्या दारात कधी गेलो नाही. मग पुढच्या निवडणुकीत मतदाराने कोणाला निवडायचं होतं?

भाऊ तर कायद्याने मार्च २०२२ मध्येच 'माजी' झाले होते. ४ मार्चला सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आला आणि जवळजवळ चार वर्षं शहरात एकही लोकनियुक्त नगरसेवक नव्हता. आमच्या प्रभागात मात्र काहीच बदललं नाही. सकाळी आठला कार्यालयाचं शटर उघडायचं, बाकावर माणसं बसायची. निराधार योजनेचा अर्ज घेऊन आलेली म्हातारी, मुलाच्या शाळाप्रवेशासाठी हेलपाटे घालणारा ऑटोवाला, दवाखान्याचं बिल हातात धरून उभा असलेला एखादा जावई. पद गेलं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, ही गोष्ट भाऊंच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. मला त्यात काळजीचं कारण दिसतं. पदाचं काम एका माणसात इतकं विरघळलं, की पद असलं काय आणि नसलं काय, लोकांना फरकच उरला नाही. मग आज नव्याने निवडून आलेल्या चौघांना तरी पद मिळालं आहे का? त्यांच्याकडे नुसतं प्रमाणपत्र आहे. कामाच्या चाव्या अजून त्या शटरच्या आत आहेत.

इथे नागपूरच्या माणसाने आपल्याच शहराचा इतिहास आठवावा. बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवलं. त्याच्यानंतर चांद सुलतानाने शहराला कोट घातला, तलाव बांधला. १७३९ मध्ये तो गेला आणि पुढे कोण यावरून घरातच वाद पेटला. वाद मिटवायला राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावलं आणि काही वर्षांतच राज्य भोसल्यांच्या हातात आलं. शंभरेक वर्षांनी तेच उलटून आलं. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, हयातीत दत्तक घेतला नव्हता, मागाहून घेतलेला दत्तक इंग्रजांनी मानला नाही, आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केलं. डलहौसीला राज्य गिळायचंच होतं, हे खरं. दत्तक आधी घेतला असता तर त्याने दुसरं निमित्त शोधलंही असतं. राजघराण्याचा वारसा आणि लोकांनी दिलेलं पद यांची बरोबरीही मी करत नाही. पण एवढं तर दिसतं, की 'पुढे कोण' हा प्रश्न जो वेळेत हाताळत नाही त्याच्यासाठी तो दुसरं कोणीतरी सोडवतं, आणि आपल्या सोयीने सोडवतं. आमच्या प्रभागात ते दुसरं कोणी कोण असेल, हे ले-आउटच्या पाट्यांवरची नावं वाचली तरी कळतं.

हाच भाऊंच्या समर्थकांचा तिसरा आणि सगळ्यात प्रामाणिक मुद्दा आहे. भाऊ गेले की पैसेवाले येतील. प्लॉट पाडणारे, कंत्राटं घेणारे, निवडणुकीत घातलेलं पाच वर्षांत वसूल करणारे. ही भीती खोटी आहे असं कोण म्हणेल? चार सदस्यांच्या प्रभागात प्रचाराचा खर्च साध्या माणसाच्या आवाक्यात उरलेला नाही. पण भाऊ राहिल्याने ती माणसं गेली का? ती तिथेच होती, भाऊंच्या थकण्याची वाट बघत. आजारपणाने किंवा मृत्यूने एका रात्रीत रिकामी झालेली जागा पैसेवाल्याला सगळ्यात सोपी पडते, कारण तेव्हा बाकी कोणी तयार नसतो. माणूस चालता-बोलता असताना, तारीख सांगून जागा सोडतो तेव्हा वस्तीला निदान तयारीला अवधी मिळतो.

त्यागाचे गोडवे गाणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. खुर्ची सोडली एवढ्याने काही होत नाही. कामराजांनी २ ऑक्टोबर १९६३ रोजी मद्रासचं मुख्यमंत्रिपद सोडलं. नऊ वर्षं राज्य केलेला, शाळा आणि दुपारच्या जेवणाने ओळखला जाणारा नेता पक्षाच्या कामासाठी निघाला, देशभर कौतुक झालं. दिल्लीत त्यांचा शब्द वाढला, नेहरूंनंतर आणि शास्त्रींनंतर कोण हे ठरवण्यात त्यांचा हात राहिला. इकडे घरी १९६७ मध्ये त्यांचा पक्ष मद्रासची सत्ता गमावून बसला आणि विरुधुनगरमध्ये ते स्वतः एका विद्यार्थी नेत्याकडून हरले. त्या पराभवाला भाषेचं आंदोलन होतं, धान्याची टंचाई होती, एकट्या कामराजांच्या जाण्यावर तो टाकता येणार नाही. पण त्यांच्या मापाचं कोणी मागे उभं नव्हतं हे दिसलंच. आपल्याकडचं उदाहरण अजून ताजं आहे. २ मे २०२३ रोजी शरद पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडायचं जाहीर केलं तेव्हा सभागृहात कार्यकर्ते रडले, हात जोडून विनवू लागले. पुढचा अध्यक्ष ठरवायला जी समिती होती तिनेच राजीनामा नामंजूर केला आणि ५ मे रोजी तो मागे घेतला गेला. दोन महिन्यांत पक्ष फुटला. फुटीची कारणं वेगळी आणि जुनी होती, पण 'पुढे कोण' या प्रश्नावर शांतपणे बसून बोलायची जी संधी त्या तीन दिवसांत आली होती, ती अश्रूंत वाहून गेली असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आमच्या भाऊंच्या कार्यालयासमोरही परवा असंच झालं. एक आजी त्यांचा हात धरून म्हणाल्या, "भाऊ, तुमी नसान तं आमी कोनापाशी जाव?" बाजूला उभ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आवंढा आला. पण त्या आजींच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं, आणि आम्ही नुसते रडलो.

उत्तर देऊन निघालेली माणसंही आपल्याकडे झाली आहेत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षं सेवेची शपथ घेत. गोखले ती मुदत भरत आल्यावर १९०२ मध्ये मोकळे झाले, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. सोसायटीचं फर्ग्युसन कॉलेज थांबलं नाही, कारण ते एका माणसावर चालेल अशी त्याची रचनाच नव्हती. कोण कधी जाणार हे येतानाच ठरलेलं होतं. आणि गोखलेही संपले नाहीत, तीन वर्षांत त्यांनी भारत सेवक समाज काढला. नानाजी देशमुख हिंगोलीजवळच्या कडोळीचे. १९७७ मध्ये खासदार झाले, मंत्रिपद घेतलं नाही, साठीला राजकारणातून बाहेर पडावं असं बोलले आणि तसं वागले, पुढची तीस वर्षं गोंडा आणि चित्रकूटच्या खेड्यांत घालवली. त्यांच्या विचारांशी माझे मतभेद आहेत. पण पद गेलं म्हणजे माणूस रिकामा झाला, या समजाला त्यांनी जगून उत्तर दिलं, हे मानलं पाहिजे. आपल्याकडे किती जण पदाला चिकटून राहतात ते सत्तेच्या लोभाने नव्हे, तर सकाळी आठला दारात कोणी आलं नाही तर दिवस कसा काढायचा या धास्तीने?

आणि दीक्षाभूमीच्या शहरात बाबासाहेबांचं म्हणणं आपण वर्षातून एकदाच आठवतो का? २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी बजावलं होतं, की धर्मात भक्ती तारून नेत असेल, राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपण हा इशारा दिल्ली-मुंबईच्या नेत्यांना लावतो. तो चौकातल्या भाऊलाही लागू आहे, आणि चौकात तो पाळणं जास्त अवघड आहे, कारण इथला नेता आपल्या आईच्या अंत्ययात्रेत खांदा देऊन गेलेला असतो. त्याच्याविषयी कृतज्ञता असावी, माझ्या मनात ती आहे. पण कृतज्ञता म्हणून आपलं शहाणपण त्याच्याकडे गहाण टाकायचं का?

मुलाविषयी दोन शब्द, कारण तो विषय टाळला तर मी घाबरलो असं म्हणतील. भाऊंच्या मुलाने पुढे निवडणूक लढवली तर तो त्याचा हक्क आहे, पाडण्याचा हक्क आपला आहे. माझी अट एकच, वस्तीची माहिती घरच्या कपाटात जाता कामा नये. ती त्याला जेवढी मिळेल तेवढीच त्याच्या विरोधात उभ्या राहणाऱ्यालाही मिळाली पाहिजे.

आमच्या महापालिकेच्या सफाई खात्यात 'ऐवजदार' असा जुना शब्द आहे. कायम कामगार रजेवर गेला, की त्याच्या ऐवजी येतो तो ऐवजदार. किती ऐवजदारांनी उभं आयुष्य त्याच नावाखाली काढलं ती वेगळी आणि दुःखाची कथा आहे. पण त्या शब्दामागे एक समज होती. कोणीही आला नाही तरी रस्ता झाडला गेला पाहिजे. झाडू मारणाऱ्याच्या जागी कोण, याचा विचार या शहराने केला. वॉर्ड चालवणाऱ्याच्या जागी कोण, याचा केला नाही. कायद्यात प्रभाग समित्या आहेत, क्षेत्रसभेची तरतूद आहे, जिथे मतदारांनी बसून कामं ठरवायची. आमच्या प्रभागात अशी सभा मी एकदाही पाहिली नाही. भाऊ असताना तिची गरज कोणाला भासली नाही, आणि भाऊंनीही ती भासू दिली नाही. ही त्यांची चूक आहे आणि मी ती त्यांना तोंडावर सांगितली आहे.

गेल्या गुरुवारी मी कार्यालयात गेलो होतो. टेबलावर तपकिरी पुठ्ठ्याच्या सहा लांब वह्या होत्या, कडा झिजलेल्या, एकीवर चहाच्या कपाचं गोल. एक उघडली. गल्लीवार नावं, नावांपुढे बाण, आणि बाणांपुढे 'झा.', 'पा.', 'को.' अशी अक्षरं. झा. म्हणजे झालं आणि पा. म्हणजे पाठपुरावा, हे मी ओळखलं. 'को.' म्हणजे कोर्ट का, विचारलं, तर भाऊ म्हणाले, "नाही, कोरडी लाइन. नकाशात आहे, पाणी येत नाही." एका पानावर चौकोन आणि फुल्या होत्या, ते पाण्याचे व्हॉल्व्ह, कोणता किती फेरे फिरवला की कोणत्या गल्लीला दाब मिळतो, ते बाजूला बारीक अक्षरात. काही फुल्यांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या डोक्यात होत्या.

मी म्हटलं, भाऊ, या वह्या कोणाला देणार? ते म्हणाले, कोणाला वाचता येणार आहेत? मी म्हटलं, म्हणून तर. जाळ्या कुठे आहेत, कोरड्या लाइनी कोणत्या, कोणाचे निराधारचे अर्ज कुठे अडकले आहेत, कोणता वाद कोर्टात कुठवर आला आहे, सगळं साध्या मराठीत लिहून काढू. एक प्रत नव्या चौघांना, एक झोनला, एक वाचनालयात, कोणीही येऊन वाचावी अशी. तुमच्याविरुद्ध लढलेल्यालाही. शेवटच्या वाक्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. वही चाळत राहिले. मग म्हणाले, "हे लिहायला दोन महिने लागतील, आणि इथलं भाडं महिनाअखेरपर्यंतचंच भरलंय."

माझ्या घराची पुढची खोली रिकामी आहे. रविवारी सकाळी आठला वह्या तिथे यायच्या असं ठरलं आहे. चारही नगरसेवकांना निरोप गेला आहे, आणि २०१७ च्या त्या दोघींनाही. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताईंनी विचारलं, आखीव वही आणू की कोरी?